मार खाल्लेले चेंडू

जुने गोल्फचे चेंडू जमवणाऱ्यांत नव्याकोऱ्या चेंडूला भाव जास्त. मला मात्र मार खाल्लेले चेंडू मोलाचे वाटतात. कारण गोल्फच्या चेंडूची घडण त्याच्या व्रणांतूनच झाली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्कॉटलंडमध्ये पिसांचा चेंडू चाले. कातड्याचे तुकडे शिवायचे, पिशवी उलटवून शिवण आत घ्यायची आणि बारीक भोकातून उकडलेली पिसं ठासायची, उंच हॅट भरेल इतकी! वाळताना कातडं आकसे, पिसं फुगत आणि चेंडू दगडासारखा टणक होई. कसलेल्या कारागिराकडूनही दिवसाला तीन-चारच होत, म्हणून ते महाग. शिवाय ओल लागली की शिवण उसवे.

१८४८च्या सुमारास सेंट अँड्र्यूजच्या रॉबर्ट पॅटरसनने गट्टा पर्चाचा चेंडू केला. मलायातल्या झाडाचा हा चीक गरम पाण्यात मऊ होई, मग हाताने वळता येई. चेंडू स्वस्त झाला आणि खेळ साध्या माणसाच्या आवाक्यात आला. पिसांच्या चेंडूंवर पोट असलेला ॲलन रॉबर्टसन संतापला. हाताखालच्या टॉम मॉरिसशी त्याचं याच चेंडूवरून बिनसलं.

पण गुळगुळीत ‘गट्टी’ हवेत लवकर कोसळे. खेळून ओरखडे पडले की तीच लांब जाई. मग कारागीर नव्या चेंडूवर हातोडीने टोचे मारू लागले. माझ्याकडच्या एका गट्टीवर टोच्यांच्या ओळी नीट सुरू होतात, मध्येच तिरक्या जातात, आणि त्यांना छेदून लोखंडी क्लबचा खोल काप गेला आहे. कारागिराची खूण कुठली आणि खेळाडूची कुठली, हे बोटाला कळतं.

पुढे साचे आले, उंचवट्यांचा ‘ब्रॅम्बल’ आला. १८९८मध्ये अमेरिकेत कोबर्न हॅस्केलने ताणलेला रबरी धागा गुंडाळून चेंडू केला; १९०२मध्ये सँडी हर्डने त्याच्यावर ब्रिटिश ओपन जिंकली. १९०५मध्ये इंग्लंडच्या विल्यम टेलरने उंचवट्यांऐवजी खळग्यांचं पेटंट घेतलं. खळग्यांमुळे हवेचा थर चेंडूला जास्त वेळ धरून राहतो आणि मागची ओढ घटते. ओरखड्यांनी आधीच दाखवलेली वाट ती हीच.

म्हणून काप बुजवून नव्याने रंगवलेला चेंडू मी कधीच घेत नाही. रंगाखाली झाकला जातो तो नेमका पुरावाच.