द मिसएज्युकेशन ऑफ कॅमेरॉन पोस्ट

द मिसएज्युकेशन ऑफ कॅमेरॉन पोस्ट ही अमेरिकन लेखिका एमिली एम. डॅनफोर्थ यांची पहिली कादंबरी आहे. ती फेब्रुवारी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. आईवडिलांच्या अपघाती मृत्यूनंतर वाढणारी आणि आपल्या मैत्रिणीच्या प्रेमात पडणारी कॅमेरॉन पोस्ट ही मुलगी तिची नायिका व निवेदिका आहे. शोक, अपराधभाव आणि समलिंगी प्रेम यांची कुमारवयीन मनात होणारी गुंतागुंत हा या कादंबरीचा मुख्य विषय होय. तिच्यावर आधारित त्याच नावाचा चित्रपट २०१८ मध्ये प्रदर्शित झाला.

पार्श्वभूमी

कादंबरीचा बराचसा भाग अमेरिकेच्या माँटाना राज्यातील माइल्स सिटी या लहान शहरात घडतो. लेखिकेचे बालपणही याच शहरात गेले. कथेचा काळ १९८९ ते १९९३ असा असून तिचे तीन भाग आहेत. गुरांची कुरणे, उन्हाळ्यातील पोहण्याच्या स्पर्धा, व्हिडिओ कॅसेट भाड्याने देणारी दुकाने आणि चर्चभोवती फिरणारे सामाजिक जीवन यांचे तपशीलवार चित्रण तीत आढळते.

कथानक

१९८९ च्या उन्हाळ्यात बारा वर्षांची कॅमेरॉन आपली मैत्रीण आयरीन हिचे चुंबन घेते. त्याच सुमारास सहलीला गेलेल्या तिच्या आईवडिलांची मोटार क्वेक लेक या तलावात कोसळते व दोघेही मृत्युमुखी पडतात. बातमी कळताच तिच्या मनात पहिली भावना येते ती सुटकेची : आता आपले गुपित त्यांना कधीच कळणार नाही. या भावनेची लाज तिला पुढे अनेक वर्षे छळत राहते. आपल्या कृत्याची शिक्षा आईवडिलांना मिळाली, असेही तिला वाटू लागते.

आजी आणि इव्हँजेलिकल ख्रिस्ती पंथाची मावशी रूथ तिचा सांभाळ करतात. आयरीन शिक्षणासाठी दूर निघून जाते. कॅमेरॉन आपले दुःख कोणाजवळ बोलत नाही. ती एकामागून एक चित्रपट पाहते आणि वडिलांनी बनवून दिलेल्या बाहुलीघरात चोरून आणलेल्या बारीकसारीक वस्तू चिकटवत बसते.

माध्यमिक शाळेत तिची कोली टेलर या मुलीशी मैत्री होते. कोलीला ब्रेट नावाचा मित्र असतो. कॅमेरॉन तिच्या प्रेमात पडते आणि एका उन्हाळ्यात दोघी परस्परांच्या अधिक जवळ येतात. मात्र कोली घाबरते व सर्व दोष कॅमेरॉनवर टाकते. परिणामी रूथ तिला ‘गॉड्स प्रॉमिस’ या निवासी संस्थेत पाठवते. समलिंगी आकर्षण ‘बरे’ करण्याचा या संस्थेचा दावा असतो. तेथे जेन आणि ॲडम रेड ईगल हे तिचे मित्र होतात. ॲडम हा लाकोटा या मूलनिवासी समाजातील आहे. मार्क नावाचा मुलगा स्वतःला गंभीर इजा करून घेतो. त्यानंतर हे तिघे पळून जाण्याचा निर्णय घेतात.

शोक आणि प्रेम

संस्थेत प्रत्येक मुलाला हिमनगाचे एक चित्र दिले जाते. पाण्यावर दिसणारे टोक म्हणजे समलिंगी आकर्षण. पाण्याखाली त्याची ‘कारणे’ लिहायची असतात. कॅमेरॉनच्या बाबतीत आईवडिलांचा मृत्यू हे कारण सहज हाताशी असते. मात्र पहिले चुंबन मृत्यूची बातमी येण्यापूर्वीचे आहे, हे वाचकाला आरंभापासून ठाऊक असते. त्यामुळे शोकातून प्रेम उपजले, ही संस्थेची मांडणी कथेच्या घटनाक्रमातच खोटी ठरते. मृत्यू ही प्रेमाची शिक्षा होती, ही कॅमेरॉनची स्वतःची समजूतही तितकीच निराधार आहे. या दोन चुकीच्या समजुतींतून सुटणे हाच तिचा खरा प्रवास होय.

क्वेक लेक या स्थळाला म्हणूनच विशेष अर्थ आहे. १७ ऑगस्ट १९५९ रोजी झालेल्या भूकंपात डोंगराचा कडा ढासळून मॅडिसन नदी अडली व हा तलाव तयार झाला. बुडालेल्या झाडांचे वाळलेले बुंधे आजही त्यातून वर आलेले दिसतात. कॅमेरॉनची आई लहानपणी या भूकंपातून बचावलेली असते. अखेरीस कॅमेरॉन रात्री पेटती मेणबत्ती घेऊन या थंड पाण्यात उतरते, आईवडिलांशी बोलते आणि काठावर परतते. शोक करण्याची मोकळीक तिला येथे प्रथम मिळते, आणि त्यासाठी तिला आपले प्रेम नाकारावे लागत नाही.

सामाजिक संदर्भ

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता मानसिक विकारांच्या यादीतून वगळली. तरीही ती बदलण्याचा दावा करणाऱ्या धार्मिक संस्था पुढे अनेक वर्षे चालू राहिल्या. त्यांपैकी एक प्रमुख संघटना, एक्झोडस इंटरनॅशनल, २०१३ मध्ये बंद झाली. असे प्रयत्न यशस्वी होण्याची शक्यता कमी असून त्यांतून अपाय होण्याचा धोका असतो, असा निष्कर्ष अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या कृतिगटाने २००९ मध्ये काढला होता.

स्वागत आणि वाद

किशोर साहित्यातील पहिल्या पुस्तकासाठी दिल्या जाणाऱ्या विल्यम सी. मॉरिस पुरस्काराच्या २०१३ च्या अंतिम यादीत कादंबरीचा समावेश होता. २०१४ मध्ये डेलावेअर राज्यातील केप हेन्लोपेन शालेय मंडळाने ती विद्यार्थ्यांच्या उन्हाळी वाचनाच्या यादीतून वगळली. त्यासाठी पुस्तकातील असभ्य भाषेचे कारण देण्यात आले. टीका झाल्यावर मंडळाने ती संपूर्ण यादीच रद्द केली.

चित्रपट

डेझिरी अखवान यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटात क्लोई ग्रेस मोरेट्झ यांनी कॅमेरॉनची भूमिका केली आहे. सनडान्स चित्रपट महोत्सवात त्याला २०१८ चा अमेरिकन कथापट विभागातील परीक्षक मंडळाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. चित्रपटाचा भर ‘गॉड्स प्रॉमिस’मधील दिवसांवर आहे, बालपण व तलावावरील अखेरचा प्रसंग त्यात नाही. त्यामुळे आईवडिलांविषयीचा शोक, जो कादंबरीचा कणा आहे, चित्रपटात मागे पडतो.