बाबासाहेबांचा हिशेब आणि रडारला चकवणारे विमान

संरक्षणखर्चावर प्रश्न विचारला की देशद्रोही ठरवतात, असे नेरूळमधले तरुण आम्हाला सांगतात. त्यांनी इतिहास पाहावा.

1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा आग्रह होता. ते लष्करविरोधी नव्हते. तरीही 10 ऑक्टोबर 1951 च्या राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी हिशेब मांडला : वर्षाचा महसूल 350 कोटी, त्यातले सुमारे 180 कोटी लष्करावर. कारणही सांगितले : परराष्ट्र धोरणामुळे आपल्याला मित्र उरले नाहीत, म्हणून सगळा भार एकट्यावर.

हाच प्रश्न आज स्टेल्थ विमानाला लावू. रशियासोबतच्या प्रकल्पात आराखड्यावर 29.5 कोटी डॉलर गेले. 2018 मध्ये भारत बाहेर पडला, विमान आलेच नाही. 2024 मध्ये स्वदेशी 'आम्का'च्या विकासासाठी सुमारे 15,000 कोटी मंजूर झाले. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा 2020 मध्ये पाच वर्षांसाठी 35,534 कोटी ठरला. म्हणजे विमानाचे नुसते नमुने दोन वर्षांच्या शिष्यवृत्तीहून महाग.

चीनकडे जे-20 आहे, हे खरे. पण शेजाऱ्यांशी धोरण काय, हे न सांगता मागितलेला पैसा आम्हाला पटत नाही. हिशेब मागणे हा बाबासाहेबांचाच वारसा आहे.

जय भीम!