नोकरीचा शोध आणि ओळखीचे जाळे

नोकरी ओळखीने मिळते असे म्हटले की मराठी माणसाच्या मनात प्रथम ‘वशिला’ हा शब्द येतो. वशिल्यात पात्रता गौण ठरते आणि शब्द टाकणाऱ्याचे वजन मोठे ठरते. ज्याला आज ‘नेटवर्किंग’ म्हटले जाते, त्यात ओळखीचा उपयोग मुख्यतः माहितीपुरता असतो. जागा कोठे रिकामी होणार आहे, त्या कामाला नेमके काय यावे लागते, अर्ज कोणाच्या टेबलावर पोहोचला पाहिजे, इतकेच त्यातून कळते. दोहोंमधील रेषा अर्थातच पुसट आहे. ती पुसट असल्यामुळेच अनेक होतकरू उमेदवार ओळख काढण्यास संकोचतात आणि जाहिरातींना अर्ज पाठवीत महिनोन् महिने वाट पाहत राहतात.

मुंबईला ही पद्धत नवी नाही. कापडगिरण्यांच्या काळात कामगारांची भरती प्रामुख्याने जॉबर किंवा मुकादमाच्या हाती असे. स्त्री कामगारांच्या खात्यांत हेच काम नायकीण करीत असे. कोकणातून वा घाटावरून आलेला तरुण प्रथम गाववाल्यांच्या खोलीवर उतरे, आणि त्या खोलीतीलच कोणीतरी त्याला जॉबरपुढे उभा करी. गोव्यातून बोटीवरील नोकरीसाठी येणाऱ्यांना धोबीतलाव, माझगाव परिसरातील आपापल्या गावाच्या ‘कुडां’चा आधार असे. तेथे स्वस्तात राहण्याची सोय तर होईच. पण कोणत्या बोटीवर माणसे हवी आहेत ही बातमीही तेथेच मिळे. या व्यवस्थेची काळी बाजूही होती. जॉबर लाच घेत. १९३१ च्या रॉयल कमिशनच्या अहवालात या प्रथेवर टीका झाली आणि १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांच्या नोंदणीची योजना आणली, ती जॉबरची सत्ता कमी करण्याच्याच हेतूने.

ओळखीचा नोकरीशी नेमका संबंध काय, याचा गाजलेला अभ्यास अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा आहे. बोस्टनजवळील न्यूटन या उपनगरात नुकतीच नोकरी बदललेल्या व्यावसायिक, तांत्रिक आणि व्यवस्थापकीय कर्मचाऱ्यांची त्यांनी पाहणी केली. ज्यांना ओळखीतून नोकरीची खबर मिळाली होती, त्यांना ‘ही व्यक्ती त्या काळात तुम्हाला कितीदा भेटत असे?’ असा प्रश्न विचारण्यात आला. आठवड्यातून किमान दोनदा भेटणाऱ्या व्यक्तीकडून खबर मिळालेले केवळ १६.७ टक्के निघाले. अधूनमधून भेटणाऱ्यांकडून मिळालेले ५५.६ टक्के, तर वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणाऱ्यांकडून मिळालेले २७.८ टक्के होते. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातून ‘दुर्बळ धाग्यांचे बळ’ ही कल्पना रूढ झाली. तिच्यामागील तर्क साधा आहे. रोज भेटणारे मित्र आपल्याच वर्तुळात वावरतात. त्यांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. जुना सहकारी किंवा महाविद्यालयात दोन वर्षे पुढे असलेला विद्यार्थी वेगळ्या वर्तुळात असतो, म्हणून त्याच्याकडील बातमी नवी असते.

महाजालाने हे दुर्बळ धागे टिकविणे सोपे केले. भारतात नोकरी डॉट कॉम १९९७ मध्ये सुरू झाले, परंतु ते मूलतः जाहिरातींचे पान होते. २००३ च्या मे महिन्यात सुरू झालेल्या लिंक्डइनने माणसांच्या ओळखीच मांडून दाखविल्या. २०१६ मध्ये ही कंपनी मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. २००४ मध्ये आलेले ऑर्कुट भारतात अफाट लोकप्रिय झाले आणि २०१४ मध्ये बंद पडले. तेथील महाविद्यालयांच्या कम्युनिटीमध्ये मुले कॅम्पस मुलाखतींची चर्चा करीत. आज ती जागा व्हॉट्सअॅप आणि टेलिग्रामच्या गटांनी घेतली आहे.

ग्रॅनोव्हेटर यांच्या कल्पनेची मोठी कसोटी २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. लिंक्डइनवर ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ म्हणून सुचविल्या जाणाऱ्या नावांत पाच वर्षांच्या काळात प्रयोगादाखल फेरफार करून, दोन कोटींहून अधिक सदस्यांवरील परिणाम तपासण्यात आला. (आपल्यावर प्रयोग चालू आहे याची या सदस्यांना कल्पना नव्हती, यावरून पुढे टीकाही झाली.) निष्कर्ष असा, की नोकरी बदलण्यास सर्वाधिक उपयोग मध्यम दुर्बळ धाग्यांचा होतो. अगदी जवळचेही नव्हेत आणि अगदी परकेही नव्हेत, तर काही सामाईक ओळखी असलेले लोक अधिक कामी येतात. म्हणजेच, भेटेल त्याला विनंती पाठवून हजारांचा आकडा गाठण्यात फारसे हशील नाही.

उमेदवाराने काय करावे, याचे उत्तर यातूनच निघते. प्रथम पूर्वीचे वर्गमित्र, प्राध्यापक, उमेदवारीच्या काळातील पर्यवेक्षक आणि नोकरी सोडून गेलेले सहकारी यांची यादी करावी. माहितीच्या पानावर ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’ अशी विशेषणे लिहिण्याऐवजी कोणते यंत्र चालविले, कोणती प्रणाली हाताळली, किती जणांचे काम पाहिले हे लिहावे. भरती करणारे शोधताना असेच शब्द वापरतात. पहिल्याच संदेशात बायोडेटा जोडून ‘सर, काही जॉब असेल तर सांगा’ असे लिहिणे ही सर्वांत सर्रास आढळणारी चूक होय. अशा संदेशाला उत्तर देणे समोरच्याला अवघड असते, कारण त्याच्या हातात नोकरी नसते. त्याच्या हातात माहिती असते. ‘मॅडम, आपल्या विभागात नव्या पदवीधराकडून कोणत्या चाचण्यांचे ज्ञान अपेक्षित असते, हे दहा मिनिटे बोलून समजून घेता येईल का?’ या प्रश्नाला उत्तर मिळण्याची शक्यता कितीतरी अधिक. पुढे त्याच कंपनीत जागा निघाली, तर कर्मचाऱ्यांमार्फत नावे सुचविण्याची सोय बऱ्याच खासगी कंपन्यांत असते. अशा शिफारशीने अर्ज वाचला जातो. मुलाखत उमेदवारालाच द्यावी लागते.

नोकरीत असताना दुसरी शोधणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. लिंक्डइनवर ‘ओपन टू वर्क’ ही खूण केवळ भरती करणाऱ्यांना दिसेल अशी ठेवता येते. तथापि, सध्याच्या मालकापर्यंत ही गोष्ट मुळीच पोहोचणार नाही अशी हमी कंपनी स्वतःही देत नाही.

ज्याच्या घरात, नात्यात, गावात त्या क्षेत्रातील कोणीच नाही, त्याचे काय, हा खरा अडचणीचा प्रश्न आहे. ओळखीचे जाळे जसे वर उचलते, तसे ते जागच्या जागी बांधूनही ठेवते. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी दादरमधील शाळांच्या आधारे केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, तो या दृष्टीने मुद्दाम पाहण्याजोगा आहे. श्रमिक जातींतील मुलांना जातीच्या ओळखीतून पारंपरिक कामे मिळत असल्याने ती मराठी माध्यमात आणि त्याच कामांत राहिली. त्याच घरांतील मुलींना अशा ओळखीचा पूर्वी कधी लाभच नव्हता. त्या मात्र इंग्रजी माध्यमाकडे अधिक वेगाने वळल्या. दुसरीकडे, ओळखीविना केवळ जाहिरात पाहून अर्ज करणे हा मार्गही सर्वांना सारखा खुला नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतील जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठविले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना उच्चवर्णीय नावांच्या तुलनेत कमी बोलावणी आल्याचे दिसले. लातूर वा धुळ्याच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन पुण्यात येणाऱ्या पहिल्या पिढीच्या पदवीधराला म्हणूनच माजी विद्यार्थ्यांचा गट, प्राध्यापकांची ओळख आणि व्यावसायिक संघटनांच्या सभा यांचे महत्त्व इतरांहून अधिक आहे. महाविद्यालयांनी माजी विद्यार्थ्यांची साधी यादी जरी अद्ययावत ठेवली, तरी बरेच काम होईल. बहुतेक ठिकाणी ती स्नेहसंमेलनापुरतीच बाहेर निघते.

सरकारी नोकऱ्यांना यातले काहीही लागू नाही. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत ‘आतली ओळख’ असल्याचे सांगणारा मनुष्य फसवणूकच करीत असतो.

फसवणुकीचे प्रकार आता समाजमाध्यमांवरही बोकाळले आहेत. थायलंडमध्ये माहिती-तंत्रज्ञानाची नोकरी देतो असे सांगून तरुणांना म्यानमारमध्ये नेले जाते आणि तेथे त्यांच्याकडून सायबर गुन्हे करवून घेतले जातात, असा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिला होता. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत एजंटांची नावे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येतात. मुलाखतीपूर्वी नोंदणी शुल्क, लॅपटॉपची अनामत किंवा प्रशिक्षणाचा खर्च मागितला गेल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. पैसे गेलेच असतील, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम बँकेतच गोठविली जाण्याची शक्यता अधिक.