पियानोच्या पट्टीचे वजन आणि पेटंटचा कायदा

पियानोची पट्टी बोटाखाली जड का लागते, हा प्रश्न वरकरणी संगीताचा आहे. पण गेल्या तीनशे वर्षांत तो तरफेच्या नियमांचा, कारागिरीचा आणि अखेरीस कायद्याचाही प्रश्न झाला. आज इलेक्ट्रॉनिक की-बोर्डच्या जाहिरातींत ‘वेटेड कीज’ हे शब्द ठळकपणे छापलेले असतात. पट्टीला वजन देण्याची कल्पना कोणा एकाच्या मालकीची होऊ शकते काय? उद्या भारतातील एखाद्या विद्यार्थ्याने अशी स्वस्त रचना तयार केली, तर तिला पेटंट मिळेल काय? उत्तर इतिहासात शोधावे लागते, कारण अर्ज हाती आल्यावर पेटंट कार्यालयही प्रथम इतिहासच तपासते.

आपल्या परिचयाच्या पेटीत, म्हणजे हार्मोनियममध्ये, हा प्रश्न जवळजवळ उद्भवत नाही. तिची पट्टी दाबली की हवेची वाट मोकळी होते आणि बोट उचलले की स्प्रिंग ती वाट बंद करते. स्वर लहान की मोठा, हे भात्यावर ठरते. बोटाच्या आघातावर नाही. पियानोत मात्र पट्टी हातोडीला तारेवर फेकते. हातोडीचा वेग पट्टीच्या वेगाच्या सुमारे पाचपट असतो, त्यामुळे हातोडीचे थोडेसे वजनही बोटाला बरेच जाणवते. खर्जातील हातोड्या मोठ्या, तारसप्तकातील लहान. म्हणून पट्ट्याही डावीकडून उजवीकडे हलक्या होत जातात.

या यंत्रणेचा जनक बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी. फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारात 1700 च्या सुमारास त्याने पहिला पियानो घडवला. 1711 मध्ये शिपिओने माफ्फेई याने त्यावर लेख लिहून यंत्रणेची आकृतीही छापली. पुढे त्या लेखाचे जर्मन भाषांतर झाले आणि गोटफ्रीड झिल्बरमान याने जर्मनीत पियानो बनवायला घेतले. त्याचे सुरुवातीचे वाद्य वाजवायला फार जड आहे, अशी तक्रार योहान सेबास्टियन बाख याने केल्याची नोंद त्याचा शिष्य आग्रिकोला याने ठेवली आहे. पट्टीच्या वजनाचा प्रश्न पियानोइतकाच जुना आहे, तो असा.

पुढचा टप्पा पेटंटचा. सेबास्टियां एरार याच्या ‘दुहेरी सुटके’च्या यंत्रणेचे पेटंट 1821 मध्ये लंडनला त्याचा पुतण्या पियेर एरार याच्या नावे नोंदवले गेले. त्यापूर्वी तोच स्वर पुन्हा वाजवायचा तर पट्टी पूर्ण वर येऊ द्यावी लागे. एरारच्या रचनेत हातोडी तारेजवळच अडवून धरली जाते आणि पट्टी अर्धवट वर आली तरी दुसरा आघात करता येतो. ही रचना व्यवहारात उतरवताना इतका खर्च व कालापव्यय झाला की चौदा वर्षांची मुदत संपताना, 1835 मध्ये, ती आणखी सात वर्षे वाढवून मिळाली. तीही संपल्यावर यंत्रणा सर्वांची झाली. आजच्या ग्रँड पियानोंतील यंत्रणा तिचीच वंशज आहे. मर्यादित काळाची मक्तेदारी आणि त्या बदल्यात समाजाला कायमचे ज्ञान, हा पेटंटमागील करार येथे स्पष्ट दिसतो.

हातोडीचा भार हलका करण्यासाठी पट्टीच्या वादकाकडील भागात शिशाचे तुकडे बसवण्याची पद्धत रूढ झाली. त्यातून नवी अडचण उभी राहिली. शिशामुळे स्थिर पट्टी दाबायला हलकी होते, पण तिचे एकूण वस्तुमान वाढल्याने ती वेगाने हलवणे कठीण जाते. येथे एक सोपे गणित पाहा. टेकूपासून 20 सेंटीमीटरवर 20 ग्रॅम शिसे ठेवले, तर वजन व अंतर यांचा गुणाकार 400 येतो. 10 सेंटीमीटरवर 40 ग्रॅम ठेवले तरी तो 400 च येतो, म्हणजे तोल तसाच राहतो. फिरण्याला होणारा जडत्वाचा विरोध मात्र अंतराच्या वर्गावर अवलंबून असतो. पहिल्या मांडणीत तो 8000, दुसऱ्यात 4000, म्हणजे निम्मा. स्टाइनवे कंपनीसाठी फ्रेडरिक व्हिएटर याने केलेल्या आणि 1931 मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालेल्या रचनेत शिसे टेकूच्या जवळ आणले होते आणि टेकूलाही अर्धगोल आकार दिला होता.

तरफेचा नियम व्हिएटरचा नव्हता. तो आर्किमिडीजपासून ठाऊक आहे. पेटंट मिळाले ते त्या नियमाच्या आधारे केलेल्या विशिष्ट बांधणीला. भारताचा 1970 चा पेटंट कायदाही हीच रेघ ओढतो. केवळ वैज्ञानिक तत्त्वाचा शोध कलम 3(सी) नुसार पेटंटयोग्य नाही. ज्ञात साधनांची नुसती मांडणी वा फेरमांडणी, ज्यात प्रत्येक साधन आपले जुनेच काम स्वतंत्रपणे करते, ती कलम 3(एफ) नुसार बाद ठरते. शिवाय त्या क्षेत्रातील जाणकाराला सहज सुचणार नाही अशी शोधकतेची पायरी अर्जात असावी लागते. 1978 मध्ये बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात, लेथवर भांडे घट्ट धरून ठेवण्याच्या रचनेचे पेटंट सर्वोच्च न्यायालयाने टिकू दिले नाही. कारखान्यातील साधी सुधारणा म्हणजे शोध नव्हे, हा त्या निकालाचा आशय आजही आधारभूत मानला जातो.

आता इलेक्ट्रॉनिक की-बोर्डकडे वळू. त्यात तार नाही, तारेवर आघात करणारी हातोडीही नाही. म्हणून पियानोवाल्यांनी जो भार कमी करण्यासाठी जन्म घालवला, तोच येथे मुद्दाम निर्माण करावा लागतो. पण स्वर न काढणारी, वजनदार पट्ट्यांची पेटीही नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील व्हर्जिल याने सरावासाठी असा मूक की-बोर्ड विकला होता आणि त्याच्या पट्ट्यांचा जडपणा कमी-जास्तही करता येत असे. त्यामुळे ‘पट्टीला वजन जोडले’ एवढाच दावा आज टिकणे अवघड. 2007 च्या केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोटारीच्या जुन्या पेडलला जुनाच इलेक्ट्रॉनिक संवेदक जोडणे हे सहज सुचणारे ठरवले. तो निकाल भारतावर बंधनकारक नाही. पण पेडल आणि पट्टी दोन्ही टेकूवर फिरणाऱ्या तरफाच आहेत, हे ध्यानात घ्यावे.

मग उरते काय? कमी जागेत बसणारी वजनाची दांडी, सुटक्याचा सूक्ष्म ‘खटका’ बोटाला जाणवून देणारी रचना, पट्टी परतताना होणारा आवाज शमवणारी युक्ती. अशा ठोस अडचणींची ठोस उत्तरे. भारतात पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे असते. 2000 च्या डिझाइन्स कायद्याने मात्र केवळ बाह्य रूपाला संरक्षण मिळते. आतील यंत्रणेला नाही.

विद्यार्थ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. क्रिस्तोफोरीचे रहस्य एका छापील लेखाने युरोपभर गेले. आज अर्ज करण्यापूर्वी आपल्या रचनेची चित्रफीत जगासमोर ठेवली, तर काही मोजके अपवाद वगळता नावीन्याचा हक्क तेथेच गमावला जातो. दुसरी गोष्ट याच्या उलट दिशेची. कोणी जुन्याच कल्पनेवर नवा दावा सांगू लागला, तर पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणतीही व्यक्ती कलम 25 अन्वये विरोध नोंदवू शकते. तेव्हा संग्रहालयातील एखादा मूक की-बोर्ड किंवा मुदत संपलेले जुने पेटंट हा भक्कम पुरावा ठरतो. यंत्रांचा इतिहास जपणे म्हणजे जे सर्वांचे झाले आहे ते सर्वांचेच राहील याची राखण करणे होय.