कर्करोगावरील रासायनिक चिकित्सा

कर्करोगावरील रासायनिक चिकित्सा : कर्ककोशिकांची (कर्करोगाच्या पेशींची) वाढ व विभाजन रोखणाऱ्या किंवा त्यांचा नाश करणाऱ्या औषधांच्या साहाय्याने केलेल्या उपचारांना ही संज्ञा लावतात. ‘रासायनिक चिकित्सा’ ही संकल्पना जर्मन वैद्यक पाउल एर्लिख (१८५४–१९१५) यांनी प्रथम संसर्गजन्य रोगांच्या संदर्भात प्रचारात आणली. शस्त्रक्रिया व प्रारण चिकित्सा यांचे कार्य बहुधा शरीराच्या ठराविक भागापुरते मर्यादित असते. औषध मात्र रक्तावाटे सर्वत्र पोहोचते. म्हणूनच रक्तार्बुदासारख्या (रक्ताच्या कर्करोगासारख्या) शरीरभर पसरलेल्या विकारांत ते उपयुक्त ठरते आणि त्याच कारणाने निरोगी ऊतकांनाही त्याची झळ पोहोचते. उपकारक व अपकारक हे दोन्ही परिणाम बहुतांशी एकाच क्रियेतून उद्‌भवतात, ही गोष्ट या चिकित्सेच्या इतिहासात आरंभापासून दिसून येते.

इतिहास : पहिल्या महायुद्धात १९१७ साली बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने मस्टर्ड वायू वापरला. या वायूची बाधा झालेल्या सैनिकांच्या रक्तातील श्वेतकोशिका घटतात व अस्थिमज्जा क्षीण होते, असे निरीक्षण १९१९ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या महायुद्धात येल विद्यापीठातील लुई गुडमन व ॲल्फ्रेड गिलमन यांनी नायट्रोजन मस्टर्ड या संबंधित संयुगाचा अभ्यास केला. श्वेतकोशिकांचा नाश करणारा पदार्थ त्यांच्यापासूनच उद्‌भवणाऱ्या अर्बुदांवरही परिणामकारक ठरेल, या तर्काने त्यांनी प्रथम उंदरांवर प्रयोग केले. ऑगस्ट १९४२ मध्ये, प्रारणांना दाद न देणारे लसीका ऊतकाचे अर्बुद असलेल्या एका रुग्णास ते टोचण्यात आले. अर्बुद झपाट्याने आकसले. परंतु अस्थिमज्जेचे कार्यही मंदावले, रोग उलटला आणि त्याच वर्षअखेरीस रुग्ण दगावला. युद्धकालीन गुप्ततेमुळे या संशोधनाचा वृत्तांत १९४६ मध्ये प्रकाशित झाला.

दुसऱ्या एका औषधगटाचा उगम पोषणविषयक संशोधनात आहे. ब्रिटिश वैद्यक ल्यूसी विल्स (१८८८–१९६४) यांनी १९२८ पासून मुंबईत गर्भवती स्त्रियांमधील, विशेषतः गिरणी कामगार स्त्रियांमधील, पांडुरोगाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये दाखविले. या अर्कातील उपयुक्त घटक पुढे फॉलिक अम्ल म्हणून ओळखला गेला. नव्या कोशिकांतील डीएनए तयार होण्यास तो आवश्यक असतो. बॉस्टन येथील सिडनी फार्बर (१९०३–७३) यांना रक्तार्बुद झालेल्या मुलांना फॉलिक अम्लाची संयुगे दिल्यावर रोग बळावल्यासारखा दिसला. तेव्हा त्यांनी उलट, त्या अम्लाच्या कार्यास विरोध करणारी द्रव्ये वापरण्याचे ठरविले. आंध्र प्रदेशातील भीमवरम येथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव (१८९५–१९४८) यांच्या मार्गदर्शनाखाली लेडर्ली प्रयोगशाळेत तयार झालेले ॲमिनोप्टेरीन हे त्यांपैकी एक होय. जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार १६ मुलांपैकी १० मुलांना गुण आला. पण तो तात्पुरताच ठरला आणि औषधाने तोंडात व्रणही झाले. मेथोट्रेक्सेट या जवळच्या संयुगाने मात्र १९५६ पासून जरायूजन्य (वारेच्या ऊतकापासून होणाऱ्या) कर्करोगाच्या स्त्री रुग्ण पूर्ण बऱ्या होऊ लागल्या.

कार्यपद्धती : नायट्रोजन मस्टर्ड व त्यापासून बनविलेली औषधे डीएनएच्या रेणूशी बंध निर्माण करतात, त्यामुळे त्याची प्रतिकृती तयार होत नाही. मेथोट्रेक्सेट, ६–मर्कॅप्टोप्युरीन इ. औषधे डीएनएच्या घटकांच्या निर्मितीत व्यत्यय आणतात. सदाफुलीपासून मिळणारी व्हिंक्रिस्टीन व व्हिन्ब्लास्टीन ही द्रव्ये विभाजनाच्या वेळी गुणसूत्रे वेगळी करणाऱ्या तंतूंची जुळणी होऊ देत नाहीत. एका मात्रेने कर्ककोशिकांची ठराविक संख्या नव्हे, तर ठराविक प्रमाण नष्ट होते. त्यामुळे ९९ टक्के कोशिका मेल्या, तरी उरलेल्यांपासून रोग पुन्हा उद्‌भवतो व मात्रा वारंवार द्यावी लागते. भिन्न मार्गांनी कार्य करणारी व ज्यांचे अपाय परस्परांत मिसळत नाहीत अशी औषधे एकत्र देण्याची पद्धत १९६० नंतर रूढ झाली. हॉजकिन रोगावरील चार औषधांच्या अशा योजनेने सु. ८० टक्के रुग्णांतील रोगाची चिन्हे पूर्णपणे नाहीशी झाल्याचे १९७० मध्ये प्रसिद्ध झाले.

अनिष्ट परिणाम : यांतील बहुतेक औषधे कर्ककोशिका व जलद विभाजन पावणाऱ्या निरोगी कोशिका यांत भेद करू शकत नाहीत. अस्थिमज्जेवरील परिणामाने श्वेतकोशिका घटून जंतुसंसर्ग होतो, बिंबाणू घटून रक्तस्राव होतो आणि तांबड्या कोशिका घटून पांडुरोग जडतो. केशमुळांना इजा झाल्याने केस गळतात. आतड्यांच्या व तोंडाच्या श्लेष्मकलेस इजा झाल्याने व्रण व अतिसार होतात. या ऊतकांची भरपाई होऊ शकते. म्हणून उपचारांच्या दोन आवर्तनांत सामान्यतः दोन ते चार आठवड्यांचे अंतर ठेवतात. काही इजा मात्र विशिष्ट औषधांच्या असतात व टिकून राहतात : डॉक्सोरुबिसिनाने हृदयाच्या स्नायूस, सिस्प्लॅटिनाने मूत्रपिंड व श्रवणशक्ती यांस, तर व्हिंक्रिस्टिनाने तंत्रिकांस अपाय होतो. वंध्यत्व व कालांतराने उद्‌भवणारा दुसरा कर्करोग हे दूरगामी धोके होत.

ओकारीवरील ऑन्डॅन्सेट्रॉन आणि श्वेतकोशिकांची वाढ करणारी द्रव्ये १९९० च्या सुमारास उपलब्ध झाल्याने उपचार पुष्कळ सुसह्य झाले. मेथोट्रेक्सेटाची मोठी मात्रा दिल्यानंतर ठराविक काळाने फॉलिनिक अम्ल देऊन निरोगी कोशिका वाचविता येतात; म्हणजे ज्या जीवनसत्त्वाचे कार्य रोखून औषध गुण देते, त्याचेच एक रूप येथे उतारा म्हणून उपयोगी पडते. इमॅटिनिबसारखी (२००१) कर्ककोशिकेतील विशिष्ट प्रथिनास लक्ष्य करणारी औषधे आली असली, तरी तीही सर्वस्वी निर्धोक नाहीत. मुलांमधील तीव्र लसीका-रक्तार्बुद १९४८ मध्ये बहुधा काही महिन्यांतच प्राणघातक ठरे. सुसज्ज रुग्णालयांत आज सु. ९० टक्के मुले त्यातून वाचतात. यासाठी दिली जाणारी बरीचशी औषधे जुन्याच गटांतील आहेत. त्यांची निवड, मात्रा व आवर्तनांमधील अंतर यांविषयीचे ज्ञान मात्र पुष्कळ वाढले आहे.