गुडघ्यातलं ‘वंगण’ नेमकं काय असतं? एका रेणूच्या शोधाची गोष्ट

‘डॉक्टर, गुडघ्यातलं वंगण संपलंय.’ भोकरदनपासून परतूरपर्यंत, जालना जिल्ह्यात गुडघेदुखीचं वर्णन बहुतेक जण असंच करतात. कुणी ‘वाटी घासली’ म्हणतं, तर कुणी एक्स-रे दाखवून ‘गॅप कमी झालाय’ म्हणतं. वंगण संपलं असेल तर ते बाहेरून भरता येईल, असं मग साहजिकच वाटतं. त्यापायी दर महिन्याला गोळ्यांवर पैसे जातात, आणि ‘उरलेलं झिजू नये’ म्हणून चालणंही बंद होतं. हे वंगण म्हणजे काय, हे शास्त्रज्ञांना कसं कळत गेलं ते वाचलंत, तर या दोन्ही गोष्टींचा तुम्ही पुन्हा विचार कराल.

हे दुखणं किती जणांचं आहे?

पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात 1996 मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन पाहणी सुरू केली. चार हजारांहून जास्त प्रौढांपैकी साधारण 18 टक्के लोकांना सांधे, स्नायू किंवा हाडांचं दुखणं होतं, आणि सांध्यांची झीज सुमारे 6 टक्के लोकांत आढळली. म्हणजे हा काही फक्त शहरातल्या, बसून काम करणाऱ्यांचा आजार नाही. आपल्याकडे कापूस वेचताना तासन्‌तास वाकावं लागतं, निंदणी-खुरपणी उकिडवं बसून होते. अशा कामांचा भार गुडघ्यांवरच येतो.

अडीचशे वर्षांपूर्वी काय माहीत होतं?

हाडांच्या टोकांवर गुळगुळीत, पांढरट थर असतो. त्याला कूर्चा म्हणतात. विल्यम हंटर या स्कॉटिश शरीररचनातज्ज्ञाने 1743 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे कूर्चेवर निबंध मांडला. एकदा नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही, हे त्यात त्याने नोंदवलं होतं. मात्र ती कशाची बनलेली असते, हे कळायला पुढची दोन शतकं जावी लागली.

नैनितालमध्ये जन्मलेली संशोधक

1934 मध्ये अमेरिकेत कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी गायीच्या डोळ्यातून एक चिकट पदार्थ वेगळा केला. तो होता हायलुरोनिक अ‍ॅसिड. गुडघ्यातल्या द्रवातही हाच पदार्थ असतो. कूर्चेत कॉन्ड्रॉइटिन सल्फेट नावाच्या साखरेच्या साखळ्या असतात, हेही माहीत होतं. पण हे सगळं एकमेकांशी कसं जोडलेलं असतं, हे कोडंच होतं.

ते सोडवण्यात मोठा वाटा हेलन म्यूर यांचा. त्यांचा जन्म 1920 मध्ये आपल्या नैनितालचा, शिक्षण ऑक्सफर्डचं. साखरेच्या या साखळ्या प्रथिनाला पक्क्या जोडलेल्या असतात, हे त्यांनी 1958 मध्ये दाखवलं. प्रथिन आणि साखर यांच्या अशा जोडीला प्रोटिओग्लायकन म्हणतात. पुढे 1972 मध्ये टिम हार्डिंगहॅम आणि म्यूर यांनी दाखवलं, की हे प्रोटिओग्लायकन हायलुरोनिक अ‍ॅसिडच्या लांब धाग्यावर ओळीने बसतात आणि त्यातून एक प्रचंड समूह तयार होतो. इंग्रजीत समूहाला अ‍ॅग्रिगेट म्हणतात, त्यावरूनच या प्रोटिओग्लायकनला नाव मिळालं अ‍ॅग्रिकन.

अ‍ॅग्रिकन काम कसं करतो?

बाटली धुवायचा ब्रश डोळ्यांसमोर आणा. मधली तार म्हणजे प्रथिन, आणि केस म्हणजे साखरेच्या साखळ्या. एका ब्रशला अशा शंभरेक साखळ्या असतात. त्या सगळ्यांवर ऋण विद्युतभार असल्यामुळे त्या एकमेकींना दूर ढकलतात आणि पाणी ओढून धरतात. कूर्चेचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग पाणीच असतो. तुम्ही पाऊल टेकता तेव्हा थोडं पाणी बाहेर दाबलं जातं, आणि पाऊल उचललं की परत आत येतं. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिच्या पेशींना अन्न पोचायलाही या ये-जा करणाऱ्या पाण्याची मदत होते.

झीज होते तेव्हा हे ब्रशच तुटायला लागतात. ते तोडणारं एक एन्झाइम 1999 मध्ये सापडलं. ब्रश तुटले की पाणी धरलं जात नाही, कूर्चा मऊ पडते, तिला चिरा जातात.

मग गोळ्यांनी ते भरून येतं का?

प्रश्न रास्त आहे. पण गिळलेलं कॉन्ड्रॉइटिन आतड्यात बरंचसं मोडतं, आणि पोटातून जसंच्या तसं जाऊन तुटलेल्या ब्रशवर बसत नाही. अमेरिकेत 1583 रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2006 मध्ये आले. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन घेणाऱ्यांना एकूणात खोट्या गोळीपेक्षा ठळक जास्त आराम पडला नाही. जास्त दुखणाऱ्यांच्या छोट्या गटात थोडी आशा दिसली होती, पण दोन वर्षांच्या पाठपुराव्यातही ठोस फरक सिद्ध झाला नाही. जेलच्या इंजेक्शनांचा सरासरी फायदाही अगदी थोडाच आढळला आहे.

आता दुसरी बाजू. 1979 मध्ये केनेथ ब्रँट यांच्या गटाने निरोगी कुत्र्यांचा पाय प्लॅस्टरमध्ये ठेवला. तेव्हा कूर्चेतल्या प्रोटिओग्लायकनचे ते मोठे समूह नीट बनेनासे झाले. प्लॅस्टर काढून कुत्री चालू लागली, आणि दोष भरून आला. माणसाचा झिजलेला गुडघा इतक्या सहज पूर्ववत होत नाही, हे खरं. पण कूर्चेला हालचाल लागते, हा धडा मात्र आपल्यालाही लागू आहे.

तुम्ही काय कराल?

• सपाट जागी रोज सोसेल तेवढं चाला. मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्या.
• वजन जास्त असेल तर कमी करा. एक किलो घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो.
• उकिडवं बसायची कामं शक्य तिथे पाटावर किंवा स्टुलावर बसून करा, मधूनमधून उठा.
• वेदनाशामक गोळ्या मनाने रोज घेऊ नका, त्या किडनीला आणि जठराला त्रास देतात.
• गुडघा लाल, गरम होऊन सुजला, ताप आला किंवा पायावर भारच देता येईना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

अ‍ॅग्रिकन बाहेरून भरायचं औषध अजून कुणाकडेच नाही. तो तयार करणाऱ्या पेशी तुमच्याच गुडघ्यात आहेत, आणि उरलेल्या पेशी जपणं बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे.