बोरघाटात कमी काय होतं: माणसं की मजुरी?

‘कुशल कामगार मिळत नाहीत, म्हणून प्रकल्प रखडला.’ मेट्रो, महामार्ग, रेल्वे यांच्या बातम्यांत हे वाक्य तुम्ही नक्की वाचलं असेल. संशोधनासाठी हा विषय घ्यायचा विचार असेल, तर आधी खंडाळ्याच्या घाटात डोकावून या.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. पुढचा मोठा अडथळा सह्याद्री. बोरघाटाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. सोळा मैलांहून कमी अंतरात १,८३१ फूट चढ, २५ बोगदे. जीआयपी रेल्वेचा मुख्य अभियंता होता जेम्स बर्कले. कातळ फोडायला सुरुंगवाले हवेत, पुलांसाठी पाथरवट आणि गवंडी हवेत, अवजारांना धार लावायला लोहार हवेत. नुसती फावडी उचलणारी माणसं पुरणार नव्हती.

आता गंमत बघा. १८६१ च्या सुमारास याच घाटात तब्बल ४२,००० माणसं काम करत होती. म्हणजे माणसं येत होती. मग टिकत का नव्हती? पावसाळ्यात काम मंदावायचं, पटकीची साथ यायची. आणि मजुरी! पहिला कंत्राटदार फॅव्हिएल याच्या काळात पैसा पोटकंत्राटदारांच्या हातून खाली जायचा आणि वाटेत अडकायचा. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून दंगा पेटला. त्याच वर्षी फॅव्हिएलने कंत्राट सोडलं. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट सोडलं नाही. व्यवस्थापक नेमून तिने काम पुढे नेलं.

सरकारचं उत्तर काय होतं? १८६० चा मालक-कामगार तंट्यांचा कायदा. रेल्वे, कालवे अशा कामांवरचे मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट सोडवायचे, ही एक बाजू. दुसरी बाजू अशी, की कामगाराने करार मोडला तर तो गुन्हा! एकाच कायद्यात मजुरीची हमीही आली आणि काम सोडून जाण्यावर शिक्षाही.

प्रशिक्षणाकडेही याच नजरेने बघा. रुरकीचं कॉलेज १८४७ चं, पुण्याचा इंजिनिअरिंग वर्ग १८५४ चा. दोन्हींचा रोख सार्वजनिक बांधकामासाठी अभियंते आणि दुय्यम अधिकारी घडवण्यावर होता. पाथरवट, सुरुंगवाला मात्र कामावरच, जाणत्या माणसाच्या हाताखाली शिकत होता. त्याचं कौशल्य कुठल्याही प्रमाणपत्रावर नव्हतं, म्हणून कागदपत्रांत तो बहुतेक वेळा फक्त ‘मजूर’ म्हणून भेटतो.

आपल्यापैकी जे विज्ञान शाखेतून येतात, ते आधी आकडा मागतात: तुटवडा किती? माझं म्हणणं, त्याआधी चार प्रश्न विचारा. तुटवडा आहे असं कोण म्हणतंय? कोणत्या मजुरीला माणूस मिळत नाहीये? आलेला माणूस निघून का जातो? आणि ‘कुशल’ कोणाला म्हणायचं, हे कोण ठरवतं?

कंपनीचा अहवाल पहिल्या प्रश्नाचं उत्तर देईल. उरलेल्या तिघांसाठी चौकशीची कागदपत्रं, मजुरीचे तक्ते, साथीच्या नोंदी चाळाव्या लागतील. आजच्या एखाद्या प्रकल्पावर काम करणार असाल, तर पोटकंत्राटदाराची हजेरीवही आणि मजुरी हातात पडल्याची तारीख, इथून सुरुवात करा.